वरचा पाचुंदा

कोणी मोजायला लागलं की माझ्या हातांना घाम सुटतो. आज या वयातही दवाखान्यात रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधला, की मी आधी पदराला तळवे पुसून घेते. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आजी, तुमचा आकडा इथे आल्यावरच वाढतो, घरी बरोबर असणार. मी हसून वेळ मारून नेते. त्यांना काय सांगणार, की हे दुखणं रक्ताचं नाही, झेलाझेलीचं आहे. नातवाच्या मोबाइलमध्ये हल्ली माणसं एकावेळी सात-सात, नऊ-नऊ चेंडू हवेत खेळवताना दिसतात. त्याला जगलिंग म्हणायचं असतं, असं तो मला शिकवतो. आम्ही झेलाझेली म्हणायचो, आणि एक काळ असा होता की या झेलाझेलीपायी आमच्या घरातल्या चार माणसांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी हे लिहीत बसले आहे, तिथे तेव्हा आमचा मळा होता. नाशिक शहर बरंच अलीकडे संपायचं. पुढे कालव्याच्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, पालक, आणि बांधाकडेला शेवंती. घर चार खोल्यांचं, समोर शेणाने सारवलेलं मोठं खळं. सकाळ उजाडायची ती इंजिनाच्या फटफटीने आणि पाटात जुड्या धुतल्या जाण्याच्या आवाजाने. आई आणि मी केळीच्या सोपटाने जुड्या बांधायचो, दादा मोजायचे. दादा म्हणजे माझे वडील. मार्केटात त्यांच्या मोजण्याला मान होता. दोन माणसांत मोजणीवरून जुंपली की लोक दादांना बोलावून आणायचे. पाच जुड्यांचा एक पाचुंदा. उजव्या हातात तीन, डाव्यात दोन, टोपलीत पडल्या की एक हाक. पहिल्या पाचुंद्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन असं गुणगुणल्यासारखं चालायचं. विसाव्याला शेकडा भरला की दादा दम घ्यायचे, गिऱ्हाइकाच्या टोपलीत वरचा एक पाचुंदा टाकायचे आणि पुन्हा लाभपासून सुरू. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. जगातली ती एकच मोजणी अशी होती जिच्याने मला घाम यायचा नाही, कारण ती मला मोजणी वाटतच नसे.

झेलाझेली मला आईने शिकवली, बिट्ट्यांवर. पिवळ्या कण्हेरीच्या वाळलेल्या बिया त्या. सगळ्या मुली खेळायच्या, पण मी जमिनीवर ठेवायचं विसरून हवेतच ठेवायला लागले. तीन, मग चार, आठवीत असताना पाच. शाळेतले आमचे कवायतीचे देवरे सर हे बघून हरखले. सर अविवाहित, मिशा पिळलेल्या, स्वभावाने अतिउत्साही. त्यांनी सार्वजनिक वाचनालयात जागतिक विक्रमांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाहिलेलं होतं. त्यात म्हणे झेलाझेलीचे विक्रम होते, एकट्याचे वेगळे, जोडीचे वेगळे. आपल्या शाळेतल्या मुलीचं नाव त्या पुस्तकात छापून आणायचं, या एका गोष्टीने सर झपाटले. त्यांनी मला एकटीला पाच चेंडूंवर तयार करायला घेतलं. चेंडू माझ्या हातात नीट चालायचे. सर शिट्टी तोंडात धरून कौतुकाने बघत राहायचे. मग सर मोजायला लागायचे. वन, टू, थ्री. चौदा-पंधरापर्यंत गेलं की माझे तळवे ओले, बोटं ताठ, आणि चेंडू मैदानभर. सरांनी मोठ्याने मोजून पाहिलं, मनात मोजून पाहिलं, माझ्या पाठीमागे उभं राहून मोजून पाहिलं. मला पाठीलाही कळायचं. गॅदरिंगला सगळ्या शाळेसमोर अकराव्या झेलाला पाचही चेंडू गेले, त्यातला एक संस्थेच्या अध्यक्षांच्या पायापाशी. त्या दिवसापासून मी चेंडूंना हात लावला नाही आणि सरांनीही विषय काढला नाही. मी मेथी निवडत बसायची.

त्याच वर्षी माझ्या भावाचं लग्न झालं. भाऊ मनमाडला रेल्वेत फिटर होता, शनिवारी यायचा, रविवारी परत. क्वार्टर मिळेपर्यंत वहिनी आमच्याकडेच राहणार, असं ठरलेलं. वहिनी देवळ्याकडची, कांद्याच्या घरातली. सातवी झालेली, माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. तिच्या माहेरचं नाव यमुना. आमच्याकडे लग्नात ते बदलून सुनंदा ठेवलं. सगळ्यांचीच बदलायचे तेव्हा, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. पण आईने 'सुनंदा' अशी हाक मारली की वहिनी दुसऱ्या हाकेला ओ द्यायची, पहिलीला नाही. आई मग चिडायची. मला वाटायचं बाईला कमी ऐकू येतं. वहिनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करायची, वर लसणाचा जाळजाळ ठेचा. दादा नाकाडोळ्यातून पाणी काढत दुसरी भाकरी मागायचे, आणि आईने केलेली बाजरीची भाकरी टोपल्यात पडून राहायची. यावरून घरात कुरबुर व्हायची, ती मी इथे लिहीत नाही.

एका दुपारी खळ्यात मी राहवेना म्हणून तीन कांदे खेळवत होते. वहिनी उंबऱ्यावर बसून कांदे निवडत होती. निवडत होती म्हणजे काय, तर दोन्ही हातांनी उचलत होती आणि न बघता फेकत होती. मोठा उजवीकडच्या ढिगात, बारीक गोल्टी डावीकडच्यात, सडका पाठीमागे. नजर माझ्याकडे. लहानपणापासून तिने हेच केलेलं. हाताला वजन कळलं की हातच ठरवायचा कुठे फेकायचं. मी गंमत म्हणून एक कांदा तिच्याकडे टाकला. तिने तो धरला आणि त्याच दमात मला परत केला, माझ्या हाताच्या ओंजळीत बरोबर. मी दुसरा टाकला. मग तिसरा. थोड्या वेळाने आमच्या दोघींमध्ये पाच कांदे येत-जात होते आणि ती तशीच बसलेली होती. मी विचारलं, तुला कोणी शिकवलं? तिला प्रश्नच कळला नाही. "झेलानं अन् फेकानं. काय शे त्यामा?" ती म्हणाली. पहिले काही महिने तिची बोली अशी मध्येच निसटायची.

दुसऱ्याच दिवशी मी सरांना मळ्यात घेऊन आले. सर आले, पाहिलं, आणि दादांच्या समोर खाटेवर बसून त्यांनी सगळं पुस्तकपुराण सांगितलं. जोडीचा विक्रम. सात चेंडू, दोन माणसं. एकीकडून दुसरीकडे चेंडू किती वेळा न पडता जातो ते मोजायचं. सरांच्या हिशेबाने पुस्तकातला आकडा मोडायला नेमके अकराशे झेल लागत होते. आई म्हणाली, लेकीसुनांनी हा डोंबाऱ्याचा खेळ चार लोकांत करायचा?  मग वहिनीने स्वयंपाकघरातून, दाराआडून, घरात आल्यापासून पहिल्यांदा परक्या पुरुषाला प्रश्न विचारला. नाव छापतात का त्या पुस्तकात? सर म्हणाले, छापतात. कोणतं? सर गोंधळले. दादांना मात्र कळलं असावं. ते म्हणाले, "ती सांगंल ते लिवा. करू द्या पोरींना."

तेव्हापासून वहिनीला दुसरं काही सुचेना. चेंडू म्हणून भाऊच्या जुन्या शर्टांच्या तिने सात पिशव्या शिवल्या, आत बाजरी भरली, सातही हातात तोलून सारख्या केल्या. मला म्हणाली, वन्सं, मेल्यावर माणसाचं नाव कुठं राहतं? आमच्याकडे तर जिवंतपणीच गेलं. एवढं एक छापून येऊ द्या. हे ती हसत म्हणाली, पण मला त्याचं दडपण आलं. आपलं नाव छापून यावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. मला फक्त चेंडू हवेत राहिलेले आवडायचे. आता मात्र माझ्या हातून चेंडू पडला तर तो तिच्या नावावर पडणार होता. रात्री अंथरुणावर पडलं की माझे तळवे आपोआप ओले व्हायचे.

आणि मोजणीचं काय करायचं, हा प्रश्न होताच. सर मोजायला लागले की वीसच्या आत माझ्या हातून चेंडू सुटायचा. वहिनीच्या हातून एकदाही नाही, दर वेळी माझ्याच. एकदा असेच चेंडू पडले आणि मी रडकुंडीला आले, तेव्हा दादा तिथेच जुड्या मोजत होते. वहिनी म्हणाली, रडू नका, चला, मामंजींच्या तालावर खेळू. आम्ही सुरू केलं. लाभ, दोन, तीन. दादा त्यांच्या जुड्या मोजत होते आणि आम्ही चेंडू टाकत होतो. पाटाचं पाणी वाहत होतं. मला भान आलं तेव्हा सगळी मेथी मोजून संपली होती आणि चेंडू अजून हवेत होते. सरांनी कपाळाला हात लावला. इतकं सोपं होतं तर. मोजायचं दादांनीच, असं त्या दिवशी ठरलं.

सरांनी परदेशात पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं. एकाने मोठ्याने मोजायचं, दोन साक्षीदारांनी नोंद करून सह्या करायच्या, चेंडू पडला तिथे मोजणी संपली. साक्षीदार म्हणून सरांनी पोस्टातून निवृत्त झालेले बर्वेकाका आणि मुलींच्या शाळेतल्या एक बाई यांना तयार केलं. सर दादांना घेऊन बसले आणि त्यांची मोजायची पद्धत नीट समजून घेतली. लाभ म्हणजे एकच ना? हो. एक हाक म्हणजे पाच झेल? हो. वीस हाका म्हणजे शंभर? हो. सरांनी हे वहीत लिहून घेतलं आणि समाधानाने वही मिटली. आम्ही महिनाभर तालमी केल्या. आठ शेकडे, नऊ शेकडे, एकदा तर साडेदहा. आणि मग भाऊचं पत्र आलं की क्वार्टर मिळालं, सोमवारी वहिनीला घेऊन जाणार, ताबा लगेच घेतला नाही तर दुसऱ्याला जाईल. सरांनी धावपळ करून आदल्या दिवशीचा, रविवारचा, शाळेचा हॉल मिळवला. म्हणजे एकच संधी होती. मला दोन दिवस अन्न गेलं नाही. आई म्हणाली, लग्न तिचं झालंय की तुझं?

रविवारी सकाळी हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. बाकं भिंतीला लावलेली. दादा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, स्टुलावर बसले होते आणि सारखा घसा साफ करत होते. भाऊ दारापाशी हाताची घडी घालून उभा. त्याला हे सगळं फारसं पसंत नव्हतं, पण दादांपुढे बोलायची त्याची टाप नव्हती. वहिनीने पदर कमरेला खोचला, नऊवारीचा काष्टा सारखा केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तिच्या हातात चार, माझ्या हातात तीन. पहिला चेंडू तिचा.

लाभ, दोन, तीन. दादांचा आवाज सुरुवातीला जरा कापरा होता, मग त्याला त्याची वाट सापडली. मी डोळे मिटले असते तर मळ्यात आहे असंच वाटलं असतं. दर शेकड्याला दादा 'शेकडा' म्हणायचे, दम घ्यायचे, बर्वेकाकांची पेन्सिल कागदावर एक उभी रेघ ओढायची, आणि पुन्हा लाभ. चौथ्या शेकड्यानंतर खांदे भरून आले. सहाव्यानंतर खांदे आहेत हेच कळेनासं झालं. माणसं हळूहळू बोलायची थांबली. नववा शेकडा भरत आला तेव्हा माझा एक चेंडू फार बाहेर गेला. तो गेलाच, हे मला हातातून सुटतानाच कळलं. वहिनी एका गुडघ्यावर गेली, डावा हात पुढे टाकून तिने तो बोटांच्या टोकांवर घेतला आणि उठता उठता परत फेकला. हॉलमध्ये सगळ्यांचा श्वास एकदम ऐकू आला. दादांनी घाईघाईने शेकडा म्हटलं आणि लगोलग लाभ. खेळ पुढे चालू राहिला. दहावा शेकडा भरला. दहा रेघा झाल्या. आता फक्त एक.

सरांना राहवलं नाही. दहाव्या शेकड्यानंतर दादांनी दहा पाचुंदे मोजले, म्हणजे हजार पन्नास झाले, आणि सर माझ्या मागून दबक्या आवाजात म्हणाले, पन्नासच राहिले, पन्नासच. बिचाऱ्यांनी मला धीर द्यायलाच म्हटलं. पण तो आकडा माझ्या कानात शिरला. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, असं माझ्या डोक्यात सुरू झालं, दादांच्या विरुद्ध दिशेने. डाव्या तळव्याला ओल आली. त्यानंतर तीन चेंडू झेलले, चौथा माझ्या हातावर आला आणि ओल्या साबणासारखा निसटला. बाजरीची पिशवी जमिनीवर पडल्याचा आवाज तो केवढासा, पण मला तो अजून ऐकू येतो.

बर्वेकाकांनी आकडा वाचला. एक हजार त्रेपन्न. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मग कोणीतरी वाजवल्या, आणि त्या जास्त वाईट वाटल्या. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी खाली बसले. वहिनी मात्र जागची हलली नाही. ती कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत होती. मग ती सरळ दादांच्या स्टुलापाशी गेली. सासऱ्याशी ती एरवी पदराआडून बोलायची, पण त्या दिवशी तिने त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं.

"मामंजी, वरचा पाचुंदा धरला व्हता का?"

दादांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. चाळीस वर्षं शेकडा म्हटला की वरचा एक पाचुंदा न मोजता गिऱ्हाइकाला जायचा. ते त्यांच्या मोजण्यातच नव्हतं, त्यांच्या दमात होतं. शेकडा म्हणायचं, श्वास घ्यायचा, पाच जाऊ द्यायचे, मग लाभ. हॉलमध्येही त्यांनी तेच केलं होतं. आमचे पाच झेल दर शेकड्याला फुकट गेले होते. सरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला दादांनी खरं उत्तर दिलं होतं; हा प्रश्न सरांनी विचारला नव्हता, आणि न मोजायच्या गोष्टीबद्दल आपण होऊन सांगावं हे दादांना सुचणं शक्यच नव्हतं. सर धावत आले. त्यांनी वहीवर गणित मांडलं. दहा शेकडे, दर शेकड्याला पाच, पन्नास. त्रेपन्नात पन्नास मिळवा. एक हजार एकशे तीन. आकडा मोडला होता. सर जवळजवळ नाचायलाच लागले. भाऊ दारापासून आत आला. मी उठून उभी राहिले.

बर्वेकाका जुन्या काळचे, पोस्टाच्या शिक्क्यासारखे माणूस. ते म्हणाले, मी ऐकलं तेवढं लिहिलं. पण मोजणारा शपथेवर सांगत असेल, तर मी तसा शेरा लिहून सही करेन. मग ते दादांकडे वळले. प्रत्येक शेकड्याला पाच सोडलेत? दहाच्या दहा वेळा? सांगा, मी लिहितो.

सगळा हॉल दादांकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, दादा, हो म्हणा. एक शब्द होता. वहिनीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मला दिसत होतं. दादांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"सांगता नाय यायचं," ते म्हणाले.

सरांनी खूप समजावलं. अहो, सवयच आहे ना तुमची? सवय हाय, दादा म्हणाले, पण दहाच्या दहा येळा म्हणून शपथ नाय घ्यायची मी. बर्वेकाकांनी मान डोलावली आणि कागदावर सही केली, खाली साक्षीदार बाईंनीही. एक हजार त्रेपन्न. सर शेवटी माझ्याकडे आले. म्हणाले, तासभर विश्रांती घ्या, हॉल दुपारपर्यंत आपला आहे, पुन्हा करू, सोडलेले पाच मी वेगळे धरतो. वहिनी लगेच तयार झाली. तिने चेंडू गोळासुद्धा केले. मी म्हणाले, माझ्याच्याने नाही होणार. हात दुखत होते हे खरं, पण त्यापेक्षा मी घाबरले होते. तासाभराने हात उचलले गेले असते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आता सांगते.

आम्ही घरी आलो. आईने पुरणाचा घाट घातला होता, तो तिने गुपचूप झाकून ठेवला. संध्याकाळी दादा जेवले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला होता. सगळ्या मार्केटला वरचं वाटत फिरणाऱ्या माणसाला घरच्या सुनेसाठी एक हो म्हणवेना, असं मी आईजवळ बोलले, तेही दादांना ऐकू जाईल अशा बेताने. आईने मला गप्प केलं. त्या रागाखाली काय होतं ते मला माहीत होतं. दादा हो म्हणाले असते तर माझ्या हातून पडलेला चेंडू कोणाच्या लक्षातच राहिला नसता.

सोमवारी सकाळी वहिनी निघाली. एक ट्रंक, एक वळकटी, आणि आईने बांधून दिलेल्या भाकऱ्या. टांगा रस्त्यावर उभा होता. आईने ओटी भरली, हातावर दही घातलं. वहिनी देवापुढे वाकली, मग आईच्या पाया पडली, मग शेजारच्या म्हातारीच्या. दादा खळ्यात वहाणा काढून उभे होते, सून पाया पडणार म्हणून. वहिनी त्यांच्यासमोरून गेली. वाकली नाही, थांबली नाही, पदर सारखा करून सरळ टांग्याकडे चालू लागली.  भाऊ खाली बघत होता. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं, कोणाच्याच घरात होत नसे. दादा तसेच अनवाणी उभे होते आणि मला त्या क्षणी त्यांची दया आली. कालचा सगळा राग कुठे गेला कोण जाणे.

"सूनबाई," दादांनी हाक मारली.

वहिनी थांबली. मागे वळली, पण जवळ आली नाही. दादाच चालत तिच्यापर्यंत गेले.

"नवव्याला नव्हता सोडला," ते म्हणाले. "तू गुडघ्यावर गेली ना, तव्हा माझा दमच अडकला. शेकडा म्हटलं अन् तसंच लाभ धरलं. बाकी नऊ येळा सोडला, ते मला पक्कं ठाव हाय. नवव्याला नाय."

 दादा म्हणाले, तिथं एवढ्या लोकांत नाय म्हणवलं नाय मला. सांगता येत नाय म्हटलं, म्हणजे तुला तरी वाटंल की झाला आसंल आकडा. पण तू आता मनात भलतंच घेऊन चालली, म्हणून सांगतो. हजार अन् अठ्ठ्याण्णव झाले. हे मी कुठंबी, कोणाबी म्होरं सांगंन.

वहिनीचे ओठ हलले. ती हिशेब करत होती. भाऊ म्हणाला, चला, गाडी चुकेल. तिने हातातलं बोचकं जमिनीवर ठेवलं, वाकली, आणि दादांच्या अनवाणी पायांवर कपाळ टेकलं. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर पुन्हा कधी जमलं नाही. सरांची बदली झाली, वहिनीला मुलं झाली, माझं लग्न ठरलं. ते पुस्तक मी पुढे कधी उघडून पाहिलं नाही. पण त्या सकाळी टांग्यात चढण्याआधी वहिनी माझ्यापाशी आली होती. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. ते ओले होते. तिने ते आपल्या पदराने पुसले.

"वन्सं," ती म्हणाली, "म्हंजे दोनच कमी पडले हो."

ती रागावून म्हणाली नाही, चांगली हसून म्हणाली. म्हणूनच ते मला अजून सोसत नाही.